काकूंना ग्रुपमध्ये बोलले, चुकलं का माझं?

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते:

“वय ४३. दोन वर्षांमागं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. वॉर्डात ओळख झालेल्या आम्ही सात-आठ जणींनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आता परभणी, हिंगोली, नांदेड, जालन्याकडच्या साठएक बाया आहेत आणि ॲडमिन मी आहे. ग्रुप खरा बांधला तो एका काकूंनी. रात्री-अपरात्री कुणी काही लिहिलं तरी पहिलं उत्तर त्यांचं. पण सहा महिन्यांपासून त्या रोज उपाय टाकायल्या होत्या: लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा, कच्ची हळद नि लिंबू, साखर बंद केली की गाठ उपाशी मरते. मी गप्प राहिले. मागच्या महिन्यात आमच्यातल्या ३१ वर्षांच्या एका पोरीनं काढा सुरू केला आणि चौथी केमो चुकवली. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर लिहिलं, ‘काकू, तुमच्यामुळं एखादीचा जीव जाईल.’ काकू ग्रुप सोडून गेल्या. निम्म्या बाया माझ्याशी अबोला धरून आहेत. त्यातच आमच्यातली एक वारली. हार घातलेला तिचा फोटो ग्रुपवर पडला आणि केमो चालू असलेल्या चौघी रात्रभर झोपल्या नाहीत. वर एकीचा रिपोर्ट आमच्या ग्रुपमधून तिच्या गावच्या ग्रुपवर गेला. आता वाटतंय, बंदच करावा. काय करू?”

ताई,

आधी त्या पोरीचं बोलू. काकूंचा रुसवा आठवडाभर थांबू शकतो, तिची केमो थांबू शकत नाही. ती परत दवाखान्यात गेली का, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. गेली नसेल तर कारण बहुधा काढा नसेल, भीती असेल. डॉक्टर ओरडतील, ‘मग आता कशाला आलात’ म्हणतील, याची भीती. एक तारीख चुकली की तोंड दाखवायची लाज वाटते, आणि त्या लाजेत दुसरीही तारीख जाते. तुम्ही तिला फोन करा आणि एवढंच विचारा, “मी सोबत येऊ का?” केमो चुकवणाऱ्या बाया कॅन्सरच्या डॉक्टरांना नव्या नसतात. ते रक्त तपासतील आणि पुढं काय करायचं ते ठरवतील. फक्त एक गोष्ट तिला बजावून सांगा. काढा कशाचा होता, किती दिवस घेतला, हे लपवायचं नाही. केमोची बरीच औषधं यकृतावाटे बाहेर पडतात. त्याच वेळी पोटात आणखी काय चाललंय हे डॉक्टरांना माहीत असलंच पाहिजे.

आता काकूंचं. तुम्ही विचारलंय, चुकलं का माझं. सांगायला हवंच होतं, त्यात चूक नाही. चूक झाली ती दोन ठिकाणी. तुम्ही सहा महिने थांबलात, आणि मग जे बोललात ते साठ जणींसमोर. पहिल्याच काढ्याच्या मेसेजला तुम्ही काकूंना घरी फोन करून “काकू, हे ग्रुपवर नको” म्हणाला असतात, तर त्या हिरमुसल्या असत्या, पण गेल्या नसत्या. गप्प राहण्याला आपण मान राखणं म्हणतो. त्या मानाची किंमत मात्र ३१ वर्षांच्या पोरीनं मोजली. ज्या माणसानं तुमचा ग्रुप बांधला, तिचा मान तिला एकटीला गाठून खरं सांगण्यात होता.

काकू वाईट हेतूनं हे करत नव्हत्या, हे तुम्हालाही ठाऊक आहे. रात्री एक वाजता कुणी लिहितं, “ताई, लई भ्या वाटायलंय.” तेव्हा समोरच्याच्या हातात देण्यासारखं काहीच नसतं. मग माणूस जे मिळेल ते देतं. काढ्याचा मेसेज म्हणजे काकूंनी हातावर ठेवलेला गुळाचा खडा होता. तो कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी जाहीर सांगितलं, की त्यांच्या पत्नी चौथ्या टप्प्याच्या कॅन्सरमधून बऱ्या झाल्या, आणि त्यात लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, तुळस अशा आहाराचा मोठा वाटा होता. ते बोलणं गावोगावच्या मोबाइलवर पोहोचलं. पण त्या बाईंची शस्त्रक्रिया झाली होती, केमो झाली होती, हा भाग मेसेजमधून गळून पडला. त्यावर मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना एकत्र येऊन पत्रक काढावं लागलं, की या उपायांनी कॅन्सर बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, आपले उपचार लांबवू नका. ते पत्रक काकूंपर्यंत पोहोचलं नाही, लिंबू पोहोचलं.

लक्ष्मणफळाचंही तसंच. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशी मेल्या म्हणून माणसाच्या अंगातली गाठ जात नाही, आणि त्या पानांनी माणसाचा कॅन्सर बरा होतो हे आजवर सिद्ध झालेलं नाही. साखरेचं म्हणाल तर नुसती गाठच नाही, शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते. चहातली साखर सोडली म्हणून गाठ उपाशी मरत नाही. उलट केमोत तोंडाची चव गेलेली बाई गोड शिरा तेवढा दोन घास खात असेल आणि तोही कुणी बंद करायला लावला, तर तिचं वजन उतरतं आणि अंगात ताकद राहत नाही. भाजीतल्या हळदीला कुणाची ना नाही. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या सुरू करायच्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

मग बायांनी एकमेकींना काही सांगायचंच नाही का? असं मी मुळीच म्हणणार नाही. मी स्वतः या वाटेनं गेलेय. माझी पहिली केमो चालू होती. शेजारच्या खाटेवर जालन्याकडची एक बाई होती. तिच्या लेकानं मोसंबी सोलली, तिनं त्यातली एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि हळूच म्हणाली, “हे लाल औषध गेलं का लघवी लाल होती बगा. म्या रातच्याला लेकराला उठवलं व्हतं, रक्त जायलंय म्हणून. काही नस्तं ते. दुसऱ्या दिवशी जातंय.” मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्या रात्री बाथरूममध्ये लाल दिसलं तेव्हा मला ती मोसंबीची फोड आठवली आणि मी परत येऊन झोपले. डॉक्सोरुबिसिन नावाच्या औषधाचा रंगच तसा आहे, एक-दोन दिवस लघवीला रंग येतो.

त्याच वॉर्डात, त्याच दुपारी, कुणाला तरी भेटायला आलेल्या दुसऱ्या बाईनं माझ्या सलाइनकडं बघून सांगितलं, “आमच्या जाऊबाईला हेच लाल दिलं होतं, तिसऱ्यालाच गेली बिचारी.”

दोघीही खरं बोलत होत्या, आणि दोघीही अनुभवाचंच बोलत होत्या. म्हणून “फक्त स्वतःचा अनुभव लिहा” एवढा नियम करून भागत नाही, ताई. पहिलीनं माझ्याकडं बघून सांगितलं. मी कोणत्या खाटेवर आहे, आज रात्री मला काय दिसणार आहे, हे डोक्यात ठेवून सांगितलं. दुसरीनं मनातलं ओझं माझ्या मांडीवर उतरवलं आणि ती निघून गेली. ग्रुपवर बोट लावण्याआधी एवढंच मनात आणायचं, की हे वाचणारी आज कुठं बसलीय आणि तिला याचं काय करता येणार आहे.

यासाठी आजाराबद्दल एक गोष्ट साठही जणींना माहीत पाहिजे, कारण निम्मी भांडणं तिथूनच निघतात. स्तनाचा कॅन्सर हा एकच आजार नाही. गाठीच्या तुकड्यावर ईआर, पीआर (या दोन हार्मोनच्या) आणि हर-टू (ही एका प्रथिनाची) अशा तपासण्या होतात, त्या रिपोर्टात लिहिलेल्या असतात. पहिल्या दोनपैकी एक जरी पॉझिटिव्ह आली तर हार्मोनवरची गोळी मिळते, टॅमॉक्सिफेन किंवा तिच्यासारखी दुसरी, ५ वर्षं, कधी १० वर्षं. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅबची इंजेक्शनं असतात, बहुतेकींना वर्षभर. तिन्ही निगेटिव्ह असतील तर या दोन्हीचा उपयोग होत नाही आणि मुख्य भर केमोवर राहतो. एकाच गावच्या, एकाच वयाच्या दोघी एकाच डॉक्टरांकडं जातील आणि वेगवेगळी औषधं घेऊन घरी येतील. दोन्ही बरोबर असतील. “मला तर गोळी दिली, तुला का नाही दिली गं?” हा प्रश्न मायेनं विचारलेला असतो, पण तो वाचून समोरची डॉक्टरवर संशय घेत बसते. म्हणून औषधाचं नाव लिहायचंच असेल तर आपला प्रकार, साल आणि दवाखान्याचा कागद काय म्हणतो तेही लिहावं, आणि पुढं “तुझं तुझ्या डॉक्टरांना विचार” एवढं जोडावं.

तारखेचंही तसंच. जुनी माहिती खोटी नसते, पण ती माणसाला अडवते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. आता ती ५ लाखांची आहे. पण दीड लाखाचा मेसेज अजून फिरतोय, आणि तो वाचून एखादी ‘आपले पैसे संपले असतील’ म्हणून मुकाट्यानं शेत गहाण टाकायला निघते. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, आणि १५५३८८ हा योजनेचा फोन आहे. तिथं विचारलेलं खरं. फेब्रुवारी २०२४ मधली ‘टाटाची शंभर रुपयांची गोळी’ आठवते का? ती बातमी अफवा नव्हती. संशोधकांनीच सांगितलेली होती. पण आधार होता उंदरांवरच्या प्रयोगांचा आणि थोड्या रुग्णांवरच्या अभ्यासाचा, आणि गोळी अजून मान्यतेची वाट बघत होती. ग्रुपवर येईपर्यंत मात्र ‘कॅन्सर परत येऊ न देणारी गोळी निघाली’ एवढंच उरलं.

काही गोष्टी मात्र रोज लिहिल्या तरी चालतील, कारण त्या सगळ्यांना सारख्याच लागू आहेत. केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर घरच्या गोळीवर रात्र काढायची नाही, त्याच वेळी दवाखान्याला फोन करायचा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना साधा जंतूही जिवावर बेततो. ऑपरेशनच्या बाजूला काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातात घट्ट बांगड्या भरायच्या नाहीत, आणि हात सुजला, जड वाटला तर लगेच दाखवायचा. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम कधी सुरू करायचा ते विचारून घ्यायचं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. बार्शीला, संभाजीनगरला, मुंबईला पोहोचल्यावर राहायचं कुठं, स्वयंपाकाची सोय कुठं, हे जिनं ते दिवस काढलेत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. तुमचा ग्रुप यासाठी लाखमोलाचा आहे. बंद करू नका.

उरलेली औषधं एकमेकींना देण्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण साठ जणींच्या ग्रुपात ते सुरू झालं असणार किंवा होणार. ‘आमच्या सासूचं एक इंजेक्शन शिल्लक आहे, कुणाला पाहिजे का?’ ते महाग असतं, फेकवत नाही, देणारीचा जीव चांगला असतो. पण ट्रॅस्टुझुमॅब असो की पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन, ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात लाइट गेलेल्या फ्रिजमध्ये आणि मग एसटीच्या पिशवीत ते कसं राहिलं, कोण सांगणार? याला ठाम नाही म्हणा. आणि ग्रुपात येऊन ‘खात्रीचा इलाज’ विकणाऱ्याला एका मेसेजमध्ये बाहेर काढा, तिथं समजावण्यात वेळ घालवू नका. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडं १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे.

रिपोर्ट बाहेर गेला त्या बाईबद्दल वाचून मला फार वाईट वाटलं. माझा पहिला रिपोर्ट घ्यायला मी गेले तेव्हा एका लॅबच्या खिडकीतून माझं नाव आणि ‘कॅन्सरवाल्या मॅडम’ असा पुकारा झाला. बाकावर आमच्या गल्लीतली दोन माणसं होती. संध्याकाळपर्यंत माझ्या आईला बाजारात विचारणा झाली, आणि मी तर तिला अजून सांगितलंही नव्हतं. हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. आपल्याकडं एका बाईचा आजार फुटला की पोरीच्या सोयरिकीपर्यंत बोलणं जातं. कुणाचा रिपोर्ट, कुणाचा टक्कल पडलेला फोटो, कुणाच्या टाक्यांचा फोटो, हे तिचं आहे. दुसरीकडं पाठवायच्या आधी तिला विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर कारण विचारायचं नाही. रिपोर्ट टाकायचाच असेल तर वरचं नाव, पत्ता, फोन झाकून टाकायला शिकवा. जिचा रिपोर्ट गेला, तिच्याकडं ॲडमिन म्हणून तुम्ही जाऊन माफी मागा. तुम्ही पाठवला नसला तरी. आणि कुणी पाठवला हे ग्रुपवर शोधत बसू नका, त्यानं तिचीच चर्चा पुन्हा होईल.

मृत्यूबद्दल मी बराच विचार केला. लपवावं असं मला वाटत नाही. ती तुमच्यातली होती, आणि ती गेली तरी कुणी काही बोललं नाही तर उरलेल्या जणींना कळतं, की आपण गेल्यावरही असंच होणार. पण घरच्यांना विचारल्याशिवाय सांगू नये, आणि हार घातलेला फोटो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा बॅनर टाकू नये. तिची आजारपणातली कहाणी तर नकोच. आधी एक ओळ लिहावी: “दुःखाची बातमी आहे, आज ज्यांना वाचायची नाही त्यांनी पुढं वाचू नये.” मग तिच्याबद्दल चार शब्द, आणि तेही ती कशी होती याबद्दल. ती फुलांचा गजरा चांगला गुंफायची, हिंगोलीहून येताना सगळ्यांसाठी धपाटे आणायची, असं काहीतरी. पेपरात छापतात तसं ‘कॅन्सरशी झुंज अपयशी’ असं कृपा करून लिहू नका. तुमच्या साठ जणींत चौथ्या टप्प्याच्या तीन-चार जणी असतीलच. ‘जिंकली’, ‘हरली’ या बोलण्यात त्यांना कुठं बसवायचं? त्या रोज गोळी घेतात, पोरांचे डबे करतात, तीन महिन्यांनी स्कॅनला जातात. बाकीच्या ‘मी जिंकले’ म्हणून केक कापायल्या की त्या ग्रुपवर गप्प होतात. त्यांना कधीतरी वेगळा फोन करा. ‘हिंमत ठेव, रडायचं नाही’ हेही जरा कमी करा. रडू आलं तर रडायला एक जागा असू द्या. आणि कुणी ‘आता जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं तर नुसते हात जोडलेले इमोजी टाकून चालणार नाही. त्याच वेळी फोन लावायचा, घरात दुसरं कोण आहे ते विचारायचं. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर ग्रुपच्या माहितीत वर लिहून ठेवा.

नवस, दुवा, पारायण यांना ग्रुपात जागा असावी. तुमच्यात ताई आहेत तशा आपाही असतील, ज्याची त्याची श्रद्धा त्याला बळ देते. फक्त “मनापासून केलं नसेल म्हणून परत आला” हे वाक्य कुणी लिहिलं तर तिथल्या तिथं थांबवा. गाठ कुणाच्या पापानं येत नाही.

आता काकूंकडं कसं जायचं. मेसेज नको, फोनही नको, घरी जा. दिवाणखान्यात पाहुणे असतील तर स्वयंपाकघरात बसा. म्हणा, “काकू, मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. काढ्याबद्दल जे वाटतं ते मात्र मला तुम्हाला सांगायचंय.” आणि सांगा, त्या पोरीचं सगळं. त्यांना ते लागेल. त्या रडतील, कदाचित उठून जातील. बसून राहा. मग त्यांच्याकडं काम मागा, कारण काकूंना उपाय नको होता, उपयोगी पडायचं होतं. नवी बाई ग्रुपात आली की पहिला फोन काकूंचा. ती कुठल्या गावची, सोबत कोण येतं, पहिली केमो कधी आहे, हे विचारायचं. उपाय सांगायचा नाही, ऐकायचं. एवढ्या दिवसांत हे काम त्यांच्याइतकं कुणी केलेलं नाही. आणि तुमच्यासोबत आणखी दोघींना ॲडमिन करा. तुम्हीही रुग्ण आहात. रात्री दहानंतर फोन बाजूला ठेवायचा हक्क तुम्हालाही आहे.

ग्रुपवर परत काही लिहायचं असेल तर मी असं लिहिलं असतं: “बायांनो, मागं मी काकूंना चारचौघींत बोलले, ते मी करायला नको होतं. त्यांची माफी मागून आले. आजपासून औषध, काढा, डाएट याबद्दलचं फॉरवर्ड इथं नको. कुणी टाकलं तर मी न बोलता काढून टाकीन, राग मानू नका. स्वतःवर काय गुदरलं ते मात्र भरभरून लिहा.” यापेक्षा लांब लिहू नका, नियमांची यादी कुणी वाचत नाही.

राहता राहिलं ग्रुपचं नाव. ‘कॅन्सर योद्धा’ असं तुम्ही पत्रात लिहिलंय. आपल्याकडं एक मोबाइल चार जण हाताळतात. सासरी अजून सांगितलं नाही अशा बाईच्या फोनवर दर पाच मिनिटांनी ते नाव चमकतं. ते बदला. काहीही साधं चालेल, भिशीच्या किंवा भजनाच्या ग्रुपला शोभेल असं. आणि नवीन नाव काकूंनाच सुचवायला सांगा.